चंद्र आहे, चांदणं नाही

अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात पायी जायचं तर ओहोटी गाठावी लागते. ती कधी, हे काढायची रीत किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असते: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला आठ पाऊणे सहा. तिथून सहा तास पुढे गेलं की ओहोटी. पौर्णिमा उलटली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायला सुरुवात. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण पाय भिजवायचे की परत फिरायचं एवढं ठरवायला पुरतो. शाळेत घोकून घेतलेली पाऊणकी पुढच्या आयुष्यात कामाला आल्याचं मला आठवणारं हे एकमेव ठिकाण.

ही पाऊणकी म्हणजे चंद्राचा रोजचा उशीर. तो दररोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि समुद्र त्याच्यामागून तेवढाच उशिरा चढतो. कोकणातल्या कोळ्याची होडी, कालवं फोडायला खडपात जाणारी बाई, मिठागरात पाणी घेणारा आगरी, सगळ्यांच्या दिवसाची सुरुवात रोज थोडी पुढे सरकते ती त्यामुळे.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चं ‘विक्रम’ हे यान चंद्रावर उतरलं. त्यानंतर शाळांच्या कार्यक्रमांत आणि मोबाइलवरच्या चित्रफितींत एक प्रश्न हमखास येतो: चंद्र नसता तर? उत्तरंही ठरलेली आहेत. पृथ्वीचा आस लटपटेल, दिवस सहा-आठ तासांचा होईल, वादळं सुटतील, जीवसृष्टी संपेल. ऐकणारा घाबरतो, कार्यक्रम रंगतो. माझी तक्रार अशी की ही उत्तरं आपल्याला नको तिथे घाबरवतात आणि जिथे घाबरायला हवं तिथे निर्धास्त ठेवतात.

आधी आसाचं पाहू. पृथ्वीचा आस आज सुमारे २३.४ अंशांनी कललेला आहे. साधारण ४१ हजार वर्षांच्या चक्रात हा कल २२.१ ते २४.५ अंशांच्या दरम्यान मागेपुढे होतो. १९९३ मध्ये फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जाक लास्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणित मांडलं की चंद्र नसेल तर हा कल शून्यापासून ८५ अंशांपर्यंत कुठेही भरकटू शकतो. बातमी जगभर गेली आणि तिथेच गोठली. पुढे अमेरिकी शास्त्रज्ञ जॅक लिसॉअर आणि इतरांनी संगणकावर बिनचंद्राची पृथ्वी कोट्यवधी वर्षं फिरवून पाहिली, तेव्हा चित्र बरंच सौम्य निघालं. कल आजच्यापेक्षा जास्त हलतो खरा, पण बहुतेक वेळा वीसेक अंशांच्या पट्ट्यातच राहतो. तेवढ्यानेही हवामान उलटंपालटं होईल, हिमयुगं वेगळी येतील. जीवसृष्टी मात्र संपणार नाही. ही दुसरी बातमी चित्रफितींपर्यंत कधी पोचलीच नाही. प्रलय टळल्याच्या बातमीला प्रेक्षक मिळत नसावेत.

दिवसाच्या लांबीची गंमत वेगळीच. भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीची गिरकी हळूहळू मंदावते आणि चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर लांब जातो. अपोलोच्या अंतराळवीरांनी तिथे ठेवलेल्या आरशांवर लेसर मारून हे अंतर आजही मोजलं जातं. जॉन वेल्स या अमेरिकी संशोधकाने १९६३ मध्ये प्रवाळांच्या जीवाश्मांवरच्या रोजच्या वाढीच्या रेघा मोजल्या. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वर्षात त्याला ४०० च्या आसपास दिवस सापडले, म्हणजे दिवस बावीसेक तासांचा. तेव्हा चंद्र मुळातच नसता तर आपला दिवस खूप आखूड असता, हे बरोबर. पण ‘मुळात नसता’ आणि ‘आज नाहीसा झाला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांचा काला करण्यात चित्रफितींचा हातखंडा आहे. चंद्र आज रात्री गेला तर उद्याचा दिवस चोवीस तासांचाच असेल. ऑफिसला सुट्टी नाही.

मग फरक पडेल कुठे? पहिल्यांदा पाण्यात.

चंद्र गेला तरी भरती-ओहोटी थांबणार नाही, कारण सूर्यही समुद्र ओढतो. चंद्राच्या मानाने त्याची ओढ जेमतेम ४६ टक्के. अमावास्या-पौर्णिमेला दोघे एका रेषेत येतात तेव्हा ओढींची बेरीज होते आणि उधाण येतं. अष्टमीच्या आसपास वजाबाकी होते, तो भांग. आता गणित करा. चंद्राची ओढ १ धरली तर उधाण १.४६, भांग ०.५४ आणि एकट्या सूर्याची भरती ०.४६. बिनचंद्राच्या समुद्रात रोज भांगच असेल, तोही आजच्यापेक्षा किंचित मवाळ. शिवाय ही भरती रोज घड्याळाच्या त्याच ठोक्याला येईल. आज बाराला, उद्या बाराला, वर्षभर बाराला. पाऊणकीची गरज संपली, पंचांगाचीही. कोळी नऊ ते पाचची नोकरी करू शकेल.

हे ऐकून कुणाला बरं वाटेल, आणि त्यात आश्चर्य नाही. मुंबई महापालिकेला तर चंद्र नसणं चांगलंच परवडेल. दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरवरच्या भरत्यांची यादी निघते, कारण शहराच्या पर्जन्यवाहिन्यांची समुद्रात उघडणारी बहुतेक तोंडं मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहेत. समुद्र चढला की पाणी बाहेर जाणं थांबतं आणि वरून पाऊस चालूच असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि दुपारची मोठी भरती नेमकी त्यातच आली. तेव्हापासून हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशी पंपिंग स्टेशनं उभी राहिली. समुद्र चढलेला असताना पाणी उचलून त्याच्यात फेकणं हे त्यांचं काम. एका अर्थी आपण चंद्राशी पंप लावून भांडतो आहोत. पण हे भांडण चंद्राने उकरून काढलेलं नाही. सात बेटांमधल्या खाड्या बुजवल्या, मिठी नदी आवळली, तिवरं तोडली आणि वाहिन्यांची तोंडं भरतीखाली ठेवली, ती माणसांनी.

याच चंद्राशी न भांडता राहण्याची रीत गोव्याच्या खाजनात दिसते. खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीला बांध घालून तिथे भात पिकवायचा आणि बांधातल्या मानशीला, म्हणजे पाण्याच्या दाराला, लाकडी झडपा बसवायच्या. भरतीचं पाणी आत येऊ पाहतं तेव्हा त्याच्याच दाबाने झडप मिटते. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडते आणि शेत निचरतं. वीज नाही, पंप नाही. शेकडो वर्षं चंद्र हा गावाचा फुकटचा नोकर होता, दिवसातून दोनदा येऊन दार उघडून जाणारा. गावाने बांध राखायचा, एवढीच अट. जिथे गावकी मोडली आणि बांध फुटले तिथे खारं पाणी आत घुसलं. त्यातही चंद्राचा दोष नाही.

ओहोटीत उघडा पडणारा चिखलपट्टा हीही एक दुनियाच आहे. ठाण्याच्या खाडीत रोहित येतात ते याच चिखलात चरायला. खुबे, मुळे, तिसऱ्या, कालवं, निवट्या, सगळे या सहा तास ओल्या आणि सहा तास कोरड्या जागेचे रहिवासी. एकट्या सूर्याच्या भरतीत हा पट्टा उधाणाच्या तुलनेत एक तृतीयांशावर येईल. तिवरांची रुंद रांग आक्रसून चिंचोळी होईल. खडपातल्या बाईची टोपली रिकामी राहील, पण तिची नोंद तर आजच्याही हिशेबात कुठे होत नाही.

दुसरा फरक उजेडाचा. इथे मला जास्त वेळ थांबायचं आहे, कारण आपला प्रश्न आता काल्पनिक राहत नाही.

पौर्णिमेचं चांदणं मोजायला गेलं तर फार थोडं भरतं. लक्स या मापात ०.१ ते ०.३. रस्त्यावरच्या साध्या दिव्याखाली १० ते २० लक्स असतात. एवढ्याशा चांदण्यावर पृथ्वीवरच्या रात्रीचा निम्मा कारभार चालतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर वर्षातल्या ठरावीक पौर्णिमेनंतर मोजक्या रात्रींत असंख्य प्रवाळ एकदम अंडी सोडतात. आफ्रिकेतला एक शेणकिडा चांदण्याच्या ध्रुवीकरणावरून, म्हणजे प्रकाशलहरी कुठल्या दिशेने कंप पावतात त्यावरून, दिशा ठरवतो, हे २००३ मध्ये दाखवलं गेलं; शेणाचा गोळा सरळ रेषेत ढकलायला त्याला चंद्राचं बिंबही दिसावं लागत नाही. आपल्याकडचे रातवे चांदण्या रात्री जास्त वेळ किडे टिपत हिंडतात, तर फळं खाणारी कित्येक वटवाघळं त्याच रात्री अंग चोरून राहतात. चांदणं एकाला जेवण दाखवतं आणि दुसऱ्याला शिकाऱ्याच्या नजरेत आणतं.

यात माणूसही आला. टांझानियात १९८८ ते २००९ या काळात सिंहांनी माणसांवर केलेल्या हजारांहून अधिक हल्ल्यांचा अभ्यास झाला. हल्ले सर्वांत जास्त कधी? पौर्णिमेनंतरच्या दिवसांत, संध्याकाळी अंधार पडल्यावर. चांदण्या रात्रींत सिंहाची शिकार नीट होत नाही, तो उपाशी असतो. आणि पौर्णिमा उलटली की चंद्र उशिरा उगवू लागतो, म्हणून माणसं घराबाहेर असतानाच काळोख होतो. संकष्टी करणाऱ्या घराला हा काळोख वेगळा समजावून सांगायला नको. ताटं वाढून ठेवलेली, मुलं पेंगलेली, आणि कुणीतरी गच्चीवर जाऊन ‘आला का?’ बघून येतंय. त्या दोन-तीन तासांची भीती आपल्या पूर्वजांनी लाखो वर्षं अंगावर घेतली आहे.

आता आजची रात्र बघा. चंद्र जागेवर आहे. मुंबई-पुण्यातून तो स्वच्छ दिसतो, मोबाइलमध्ये त्याचा फोटोही येतो. दिसत नाही ते चांदणं. ते जमिनीपर्यंत पोचतं, पण त्याच्या शंभरपट उजेड तिथे आधीच सांडलेला असतो. पौर्णिमा आणि अमावास्या यांतला फरक शहरातल्या झाडाला, घुबडाला, किड्याला कळेनासा झाला आहे. सगळ्या रात्री एकसारख्या, रोज सूर्याच्याच भरतीसारख्या. चंद्र नसता तर काय झालं असतं, याचा उजेडापुरता प्रयोग आपण चालू केला आहे, आणि एलईडी स्वस्त झाल्यापासून तो गावोगाव पोचला आहे. २०१५ पासून राष्ट्रीय योजनेत देशभर एक कोटीहून अधिक पथदिवे एलईडीचे झाले. विजेची बचत झाली, ती खरीच. पण बचत झाली म्हणून आणखी दिवे लावले गेले, बरेचसे निळसर पांढरे, बरेचसे आडवे डोळ्यांवर मारणारे. राजमाची, भंडारदऱ्याला मे-जूनमध्ये काजवे बघायला जाणाऱ्या गाड्यांची रांग गाडीच्याच दिव्यांनी काजव्यांना विझवते. वेळासच्या किनाऱ्यावर वाळूतून वर येणारी कासवाची पिल्लं क्षितिजाच्या उजळ बाजूकडे धावतात, कारण तिकडे समुद्र असतो असं त्यांना लाखो वर्षं माहीत आहे. तिथे गावकऱ्यांनी पिल्लांसाठी किनारा सांभाळला. बाकी किनाऱ्यांवर हॉटेलांच्या ओळी क्षितिजापेक्षा उजळ आहेत.

पाणी आणि उजेड यांच्यात एक महत्त्वाचा फरक आहे. भरतीला विसरलात तर ती येऊन वसुली करते. वाहिनी तुंबते, बांध फुटतो, रेल्वे बंद पडते, विधानसभेत प्रश्न विचारला जातो. चांदण्याला वसुली करता येत नाही. ते गेल्याने एकही लोकल थांबत नाही. ज्याला स्वतःचं भांडण भांडता येत नाही त्याच्यासाठी कायदा लागतो, आणि आपल्याकडे नेमका तोच नाही.

१९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात प्रदूषक म्हणजे घन, द्रव किंवा वायुरूप पदार्थ. प्रकाश यांपैकी काहीच नाही, तेव्हा तो कितीही झाला तरी प्रदूषण होत नाही. आवाजाचीही अशीच अडचण होती. ती १९८७ मध्ये हवाविषयक कायद्याच्या व्याख्येत आवाजाला घालून सोडवली गेली, आणि २००० मध्ये ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. आज गणपतीच्या मंडपात रात्री दहाला कर्णा बंद करा म्हणायला पोलिसाच्या हाती कागद असतो. (तो ऐकतात की नाही हा वेगळ्या लेखाचा विषय.) उजेडासाठी तसा कागद नाही. मुंबई-ठाण्यात झाडांना गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळांविरुद्ध उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली ती म्हणूनच.

उजेडाला गुन्हा ठरवणारा एक नियम मात्र आपल्याकडे आहे, आणि तो समुद्रावर आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने देशाच्या सागरी आर्थिक क्षेत्रात एलईडी दिव्यांनी मासेमारी करायला बंदी घातली. प्रखर दिव्याभोवती मासळी गोळा होते आणि लहानमोठी सगळी एका फटक्यात जाळ्यात जाते. ही मासेमारी काळोख्या रात्री जोरात चालते, कारण भर चांदण्यात दिव्याचा प्रभाव कमी पडतो. चंद्र महिन्यातल्या काही रात्री मासळीला सुट्टी देत होता म्हणायला हरकत नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतले पारंपरिक मच्छीमार या बंदीच्या अंमलबजावणीसाठी अजून रस्त्यावर उतरतात. रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिजावर कुणी शहर वसवल्यासारखं दिसतं, असं ते सांगतात. उजेडाने पोट कसं मारलं जातं, हे कुठल्याही शास्त्रज्ञापेक्षा त्यांना चांगलं कळतं.

जमिनीवरही हे अशक्य नाही. चेक प्रजासत्ताकाने प्रकाश-प्रदूषणाविरुद्धचा कायदा २००२ मध्येच केला. फ्रान्समध्ये २०१३ पासून दुकानांच्या काचा रात्री एकनंतर उजळत ठेवता येत नाहीत. इतकं लांब कशाला, नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी आणि आसपासच्या गावांतले शंभराहून अधिक पथदिवे बदलावे लागले. गावं अंधारात ढकलली गेली नाहीत. दिव्यांची तोंडं जमिनीकडे वळवली गेली.

यावर येणारा आक्षेप मला हलका वाटत नाही. काळोखाचं कौतुक करणं ज्याच्या घरी बटण आहे त्याला सोपं असतं. ज्या वाडीत आत्ता कुठे खांबावर दिवा आला, जिथल्या बाईला पहाटे बाहेर जाताना विंचू-सापाची आणि त्याहून माणसाची भीती आहे, तिला चांदणं जपायला सांगणारा लेखक थोबाडीत खाण्याच्या लायकीचा आहे. जुन्नरच्या उसात बिबट्या फिरतो तिथे अंगणातला दिवा बंद करा म्हणायची माझी तरी छाती नाही. म्हणून सुरुवात वाडीपासून करायचीच नाही. रात्री दोन वाजता रिकाम्या रस्त्याला जाहिरात दाखवणारे फलक, कुणी नसताना उजळलेल्या काचेच्या इमारती, रोषणाई केलेले उड्डाणपूल आणि झाडं, खाडीच्या आणि जंगलाच्या काठाचे हायमास्ट, इथून सुरुवात करता येईल. कायद्यातल्या प्रदूषकाच्या व्याख्येत एक शब्द वाढवायचा, दिव्याला वरून टोपी, रंग पिवळसर, शोभेच्या दिव्यांना मध्यरात्रीची वेळ. सुरक्षेसाठी उजेड पायाखाली लागतो. आडवा मारणारा दिवा डोळे दिपवतो आणि त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला लपवतो. रात्रीच्या घाटात समोरून अप्पर लावून येणारी गाडी ज्याने चुकवली आहे, त्याला हे पटवावं लागणार नाही.

मागच्या कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दूध आटवलं होतं. चांदणं दुधात पडावं म्हणून पातेलं मधोमध ठेवलेलं, आणि पाण्याच्या टाकीवरचा फ्लडलाइट थेट पातेल्यात. एका काकूंनी तो तासभर बंद करा म्हटलं. खजिनदार म्हणाले, कॅमेऱ्यात काही दिसणार नाही. काकू म्हणाल्या, दिसायला आहे काय, आम्हीच सगळे इथे आहोत. थोडी चर्चा झाली, बटण कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं, ज्याला माहीत होतं तो वॉचमन जेवायला गेला होता. तो परतला तेव्हा दूध संपत आलेलं. तरीही त्याने दिवा बंद केला. पहिल्यांदा सगळे ‘अरे’ म्हणाले, मग मिनिटभर कुणीच काही बोललं नाही. पांढऱ्या चुन्याच्या गच्चीवर आमच्या सावल्या पडल्या होत्या. एक चारेक वर्षांची मुलगी आपली सावली हलवून बघत होती आणि आईला विचारत होती, दिवा तर गेला, मग ही कुणाची?